एकशे बाराव्या भागातली सात मिनिटं

कुरिअरवाल्याने खोका दिला, सही मागितली.
सव्वीस तबकड्या, काळ्या पुठ्ठ्यात,
'परिधि के पार', संपूर्ण,
एकोणीस वर्षांचं अंतराळ
फ्रेम न् फ्रेम धुऊन-पुसून लख्ख केलेलं.
पावणेसहा हजार.
बायकोला मी निम्मीच किंमत सांगितली.

पहिल्याच तबकडीत धूमकेतू गेला.
म्हणजे तो नव्हताच कधी.
आमच्या फितीवरची सुरकुती होती ती,
दर वेळी तिसऱ्या मिनिटाला उगवायची,
आणि आम्ही पोरं श्वास रोखून धरायचो.
ग्रहावरचं गुलाबी आकाश
सरनोबतांच्या मळक्या हेडचं निघालं.
आता ते राखाडी आहे.
यान ज्या दोरीला टांगलंय
ती दोरीही स्वच्छ दिसते.

सरनोबतांची लायब्ररी दौलतगंजात, जिन्याखाली.
एका कॅसेटमध्ये चार भाग,
रोजचे दहा रुपये,
गुंडाळून न आणल्यास दोन रुपये दंड.
विसाव्या कॅसेटनंतर एकविसावी आलीच नाही.
"कंपनी बैठ गई भैया," सरनोबत म्हणाले,
आणि बसूनच राहिले.

मग विश्व माझ्या दोन बोटांवर आलं,
लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, एकदम दाबायचं.
कोरी कॅसेट कुठली परवडायला?
मुकुंदमामाच्या लग्नावर मी भाग चढवत गेलो.
सप्तपदीचं पाचवं पाऊल
आणि त्यापुढे एकदम
तारे.

एकशे बारावा भाग मे महिन्यात लागला.
कप्तान वान्याने यानाचं दार लावून घेतलंय,
ज्याला मेलेला समजून सगळे निघाले
तो वैमानिक बाहेरून ठोकतोय,
तिचा हात कडीवर,
आणि अख्ख्या लष्करची लाइट गेली.

सात मिनिटं.
परत आली तेव्हा पडद्यावर
नावं वर सरकत होती,
शिंप्याचं, सुताराचं, दिवे धरणाऱ्याचं.

इंदूरच्या निरूताईला मी आंतरदेशीय पत्र टाकलं.
नवव्या दिवशी उत्तर,
दुमडायच्या कडेवरसुद्धा बारीक अक्षर:
दार उघडतं.
तो आत येतो. भुवयांवर बर्फ.
हेल्मेट काढतो, म्हणतो, उशीर झाला,
आणि चहा मागतो.

ते पत्र मी जयारोग्यच्या तिसऱ्या मजल्यावर
बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.
त्यांच्या नाकात नळी होती.
"चहा मागतो" इथे त्यांनी डोळे उघडले,
पुन्हा वाच, असं बोटानं सांगितलं.
मी वाचलं.

पुढचे भाग मी पाहिले नाहीत.
जूनमध्ये आम्ही टीव्ही विकला.

काल रात्री चौदावी तबकडी लावली.
वान्या कडीवरचा हात काढून घेते.
दाराला पाठ लावून उभी राहते.
ठोकणं ऐकू येतं,
मग जरा थांबून,
मग आणखी थांबून.
संगीत नाही. कुणी काही बोलत नाही.
सात मिनिटं
एकाच कोनातून तिचा चेहरा,
इतका स्वच्छ
की ओठावरची देवीची खूण दिसते.

सकाळी निरूताईला फोन केला.
पलीकडे कुकरच्या शिट्ट्या,
गुडघ्यांची विचारपूस, भावजयीच्या तक्रारी.
मग मी विचारलं, एकशे बारावा,
तू पाहिला होतास ना?
ती हसली.
"अरे, त्या दिवशी इंदुरातपण लाइट गेली होती की.
तुझं पत्र आलं. काकांचं असं.
मी काय लिहिणार होते?"

चौथी शिट्टी झाली. तिने गॅस बंद केला.

"बरं, आता तुझ्याकडे आलंय ना सगळं?
खरं काय होतं मग, सांग तरी."

दार उघडतं, मी म्हणालो.
भुवयांवर बर्फ असतो त्याच्या.

"आणि चहा?"

मागतो.

"बघ," निरूताई म्हणाली,
"मला वाटलंच होतं."