ओमाहातली ओहोटी

दुकानदार म्हणाला, गोड्या पाण्यात राहतो.
चार दिवस खेकडा कोपऱ्यात बसून होता,
मोठा डेंगा पोटाशी धरून,
हात मोडलेल्या कारकुनासारखा.

मग शाल्मलीने काट्यावर समुद्री मीठ तोललं,
चवीपुरतं नाही, लिटरला बारा ग्रॅम,
वाळूचा उतार केला, फुटक्या कपाची गुहा,
आणि तो वर आला. डेंगा हलवू लागला:
या, या, या.
काचेपलीकडे फक्त मी होतो,
रात्रपाळीहून आलेला, बूट बर्फाने ओले.

फेब्रुवारीत तो उताणा सापडला, पोकळ, हलका.
शाल्मली खोलीतून बाहेरच येईना.
टिश्यूत गुंडाळायला गेलो
तर फिल्टरमागे काड्यांवर लावलेले दोन डोळे
आणि खाली मऊ, घाबरलेला, नवा तो.
कात होती ती.
पुढे आठवडाभर तीच खात बसला.

आता कॅलेंडरवर लिहून ठेवतो
त्याची बिळातून निघायची वेळ:
रोज पन्नास मिनिटं उशिरा.
बाहेर बर्फाखाली मक्याची धसकटं,
पार क्षितिजापर्यंत. समुद्र कुठल्याच बाजूला नाही.
आज ओहोटी दुपारी पावणेचारला.
गजर लावून झोपतो.