जीभ वर

आत येताना सुया मोजायच्या, बाहेर पडताना सुया मोजायच्या.
मधल्या बारा तासांत माणसं.
दोनशे चौदा माणसं आणि मी एकटी नर्स.
डॉक्टर मंगळवारी, तोही फोनवर,
त्याच्या पाठीमागे कुणीतरी पियानो शिकत असतं.

केंटकीच्या या डोंगरातला कोळसा संपला
आणि तुरुंगावर नवा मजला चढला.
दवाखाना मात्र तळघरात, जुन्या लाँड्रीत.
ओल धरली की भिंती अजून साबणाचा वास सोडतात.

औषधांच्या गाडीचं एक चाक वाकडं.
चार महिने अर्ज करतेय.
त्या करकरीनंच कोठड्या जाग्या होतात,
दाराच्या फटीतून हात बाहेर येतात.
मी आधी हात ओळखते. चेहरा नंतर.

इन्सुलिन साडेचारला. नाश्ता सहाला.
मधल्या दीड तासाला कुठल्या तक्त्यात रकाना नाही,
म्हणून माझ्या खिशात साखरेच्या पुड्या.
त्यांनाही नाही.

सात नंबरला कॉय रॅटलिफ.
आमच्या शाळेची बस चालवायचा,
मी तिसऱ्या बाकावर, खिडकीशी.
आता दारू उतरतेय त्याच्या अंगातून.
दर चार तासांनी मी म्हणते, हात पुढे कर, बोटं पसर,
आणि थरथरीला आकडा देते.
त्यानं मला ओळखलं नाही,
किंवा ओळखलं आणि मान फिरवली.
मी विचारलं नाही.

तक्रारीचा कागद. बोटाएवढी पेन्सिल, गिरमिट अक्षर.
कुठे दुखतं, याच्यापुढे:
कुत्री बांधलेली आहे.
कधीपासून:
शुक्रवार.
आज सोमवार.

आतला निरोप बाहेर नाही, बाहेरचा आत नाही.
पहिल्याच दिवशी सही घेतात.
मी शिक्का मारला: वैद्यकीय बाब नाही.
शाई ओली होती, अंगठ्याला लागली.

सकाळी सुया मोजल्या. जुळल्या.
माझी गाडी आपसूक वळण चुकली, असं म्हणणार होते,
पण गाड्या आपसूक कुठे जात नसतात.
तेवीस मैल, शेवटचे दोन खडीचे.

रात्री पुन्हा सात नंबर.
मागे टॅकेट, मांडीवर किल्ल्या आपटत.
गोळी. कागदी पेला. घोट.
तोंड उघड. जीभ वर. डावा गाल. उजवा.
बॅटरीच्या उजेडात त्याचे पाच दात,
आणि वर डोळे, माझ्यावर रोखलेले,
मिटतच नव्हते.

"खाल्लं," मी म्हटलं. "पाणीही प्यायली."

"कोण?" टॅकेट म्हणाला.

मी बॅटरी विझवली.
कॉयचं तोंड उघडंच राहिलं थोडा वेळ.
गाडी पुढे ढकलली, वाकड्या चाकासकट,
आणि आठ नंबरपाशी थांबून लिहिलं:
सात. गोळी गिळली.
थरथर, बघायची राहिली.