निळा खडू
(पोओपो, बोलिव्हिया)

चित्रकलेच्या तासाला सर म्हणाले, आपलं तळं काढा.
फेलिसाचा तपकिरी खडू झिजून नखाएवढा झाला,
निळा तसाच, वेष्टनात.
तिच्या जन्माआधीच आटलं होतं ना ते.

सेवेरो आजोबांनी चित्र पाहिलं. बोलले नाहीत.
निळा खडू खिशात टाकला
आणि चालत गेले मिठाच्या भेगांवरून
कलंडलेल्या होडीपाशी.
काठाच्या वीतभर खाली
आडवी रेघ ओढू लागले:
इथवर असायचं.

अर्ध्यात खडू मोडला.
तेव्हा त्यांनी एक शिवी हासडली,
जुन्या बोलीतली, आम्हा कुणालाच न कळणारी,
आणि उरलेली रेघ
बोटानंच फासत नेली नाळेपर्यंत.

फेलिसा येईल त्याला सांगते, हात लावून बघ,
अजून निळा होतो.