दोन जीबीत मावेल तेवढं

तेमा बंदरातून ट्रक निघाला तेव्हा त्यात
एकशेचाळीस लॅपटॉप होते.
तामालेला उतरले एकशे एकतीस.
नऊ कुठे गेले ते ड्रायव्हर सांगत नाही
आणि मलाही पुढचा ट्रक हवाच आहे.

हा त्यातला.
पाठीवर निळा स्टिकर, कुठल्याशा डच शाळेचा, खोली बावीस.
स्पेसबार एकाच बाजूने झिजून गुळगुळीत.
कोणीतरी डाव्या अंगठ्याने
वर्षानुवर्षं शब्द वेगळे केलेत.

उघडला. पंख्यात दोन देशांची धूळ:
तळाला करडी, लोकरीसारखी चिकटून बसलेली,
वर आमची, हरमटान वाऱ्याची, फुंकर मारली की उडणारी.
शिंक आली ती कुठल्या धुळीची, कोण सांगणार.

जुनं ते सोनं म्हणतात.
भंगारवाला ते खरंच मानतो,
बोर्ड जाळून त्यातलं गुंजभर शोधतो
आणि रात्रभर खोकतो.
मी तेवढी श्रद्धाळू नाही.
वाळलेला लेप खरवडते, स्पिरिटने पुसते,
डाळीच्या दाण्याएवढा नवा लावते,
मेलेल्या शेजाऱ्याची एक जीबी काढून याला देते.
झाले दोन.

"विंडोजच टाक," नापारी म्हणतो,
पलीकडे मोबाइलचं रिचार्ज विकणारा,
"गिऱ्हाईक तेवढंच ओळखतं."
टाकलं होतं मागच्याला.
कोपऱ्यावर जाऊन बाजरीची पेज पिऊन आले,
भांडं धुऊन परत केलं,
तरी पडद्यावरचं वर्तुळ फिरतच होतं
घाण्याच्या बैलासारखं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत
हे माणसांना जन्मापासून ऐकवतात,
यंत्रात राहायला येणाऱ्याला कोणी ऐकवत नाही.

खिळ्याला पेन ड्राइव्हचा झुबका.
लाल दोऱ्याचा देखणा, खिडक्यांनासुद्धा सावल्या,
बत्तीस बिटांचा प्रोसेसर पाहून उंबऱ्यातूनच परत फिरला.
एक अगदीच सडाफटिंग:
काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ.
मला तो आवडतो. एकटी असते तेव्हा तोच चालवते.
पण हा लॅपटॉप सनातूकडे जाणार,
आणि बंद करायचं बटण कुठलं
हे तिने मला दोनदा विचारलंय.

तिला फक्त एक अक्षर हवंय.
नाकातून येणारा ङ, लिहायला शेपटीवाला न.
आमच्या दागबानीत नुसतं "हे" म्हणायलाही तोच लागतो
आणि एकाही बटणावर तो छापलेला नाही.
दोन वर्षं ती साधा न छापते,
मग दिवा लावून पेनने शेपट्या काढते,
चाळीस मुलांचे चाळीस कागद.
एकाने विचारलं म्हणे,
"बाई, यंत्राला आपली भाषा येत नाही का?"
"शिकतंय," ती म्हणाली.

म्हणून डेबियन, बत्तीस बिटांचं,
वर सगळ्यात कमी खाणारा डेस्कटॉप,
भिंतीवर चित्र नाही, चित्रालाही जागा लागते.
कीबोर्डच्या यादीत खाली, बरंच खाली, घाना.
सुरू व्हायला चाळीस सेकंद. मोजले.

उजवी आल्ट दाबून धर, मग न.
सनातूने दाबलं.
शेपटी आली.
ती काही बोलली नाही, ओळभर तेच दाबत राहिली,
मग दुसरी ओळ.

तेवढ्यात वीज गेली.
बॅटरीत अकरा मिनिटं होती,
तिने तेवढ्यात धडा लिहिला, जपूनही ठेवला.

घड्याळाचा सेल मेलाय हे मी विसरले होते.
हा दर वेळी उठून म्हणतो, एक जानेवारी दोन हजार सात,
मी दर वेळी सांगते, नाही रे बाबा.
आज सांगायचं राहिलं.
त्यामुळे तिच्या पहिल्या धड्यावर तारीख पडलीय
तिच्या वर्गातलं एकही मूल जन्मण्याआधीची.