सातवी बांगडी

शाळेत कंपास तीन, मुलं एकवीस.
त्यातल्या एकाचा स्क्रू ढिला,
त्याचं वर्तुळ जिथून निघतं तिथे परत येतच नाही.
म्हणून नफीसाने टोपी बाजारातून
अब्बूंच्या दुकानातला पडून राहिलेला माल आणला :
रंग उडालेल्या, चमकी गळालेल्या,
पण मापाला पक्क्या. सगळ्या दोन-चारच्या.

एक मधे ठेवा, मी म्हटलं,
आणि तिला चिकटून भोवती किती बसतात बघा.
लोकेंद्र म्हणाला, पाच.
ओजस फाळके म्हणाला अकरा,
त्याला मोठे आकडे आवडतात.
मग नुसती किणकिण,
फरशीवर ओणवी एकवीस डोकी,
शेजारच्या वर्गातून जोशीबाईंचा निरोप : जरा हळू.

सहा.
खिडकीपाशी सहा, दाराशी सहा,
मागे भांडणाऱ्यांच्या घोळक्यातही सहाच.
सातवी प्रत्येकाच्या हातात उरलेली.
लोकेंद्रने ती दाबून बसवायला पाहिली
आणि कचकन मोडली.

"सहाच का, बाई?"

साठ अंश, समभुज त्रिकोण,
सगळं माझ्या जिभेवर होतं, खडूही हातात.
फळ्यापर्यंत गेले
आणि उगाचच तारीख पुन्हा लिहिली.

नफीसा मोडका तुकडा घेऊन बसली होती.
कागदावर ठेवायचा, आतून पेन्सिल फिरवायची,
थोडा पुढे सरकवायचा, जुन्या रेघेवर टेकवून,
पुन्हा पेन्सिल.
बोटभर काच, पण घंटा व्हायच्या आत
वर्तुळ मिटलं.
"मॅडम, टूट गई, फिर भी इसको याद है
कितना मुड़ना है."
ती मराठी शाळेत चार वर्षं आहे,
महत्त्वाचं असलं की हिंदीत बोलते.

शनिवारी दोन टेम्पो करून हजीऱ्याला गेलो,
घौस साहेबांच्या मकबऱ्यात.
दगडाची जाळी, आणि जमिनीवर तिचं ऊन.
"देखो, षट्कोन!" कोणीतरी ओरडलं,
आणि घुमटाखालची कबुतरं उठली.
गेल्या निवडणुकीची पोस्टरं आणली होती,
पाठकोरी. उमेदवार खाली तोंड करून झोपले,
त्यांच्या पाठीवर मुलं ऊन गिरवू लागली.
चौकीदार दोनदा येऊन सांगून गेला,
फर्श पे एक लकीर नहीं.
तिसऱ्यांदा आला तो गुडघे मोडून बसला
आणि विचारलं, लाल पेन्सिल आहे का?

ओजसचा हात संथ. खोडत, मोजत, फुंकर मारत
तो तिसऱ्या ओळीवर आला
तोवर पहिली ओळ उन्हाखालून निसटली होती.
"बाई, हे हललं!"
रडकुंडीला आलेला.
मी खोडरबर मागे घेतला, घड्याळ पुढे केलं.
मग त्याने प्रत्येक ओळीशेजारी वेळ लिहिली :
पावणेदहा, लांबट, पसरलेले.
दहा वीस, जरा आवळलेले.
अकराला आखूड, भिंतीकडे सरकलेले.
एकही जाळीतल्यासारखा नाही,
आणि एकही चुकलेला नाही.
परतताना टेम्पोत पोस्टर त्याने
उभं धरलं होतं, दुमडू दिलं नाही,
माझ्या नाकावर उमेदवाराची मिशी.

सोमवारी हजेरी व्हायच्या आधी
लोकेंद्र उभा राहिला.
"बाई, घरी रोट्यांवर करून बघितलं. सात बसल्या."
वर्ग हसला. मम्मी की रोटी गोल नहीं होगी!
"गोलच होत्या," तो म्हणाला, कान लाल.
मी विचारलं, मधे कोणती ठेवली होतीस?
"मोठी. सगळ्यात शेवटी
उरलेल्या पिठाची केली होती ती..."

आणि तो थांबला.
तोंड उघडं, एक हात हवेत,
अंगठा आणि तर्जनी यांच्यात काहीतरी
लहान होत होतं, मोठं होत होतं.

मी हजेरीपट मिटला.
बस, असं कोणी त्याला म्हटलं नाही.