तीन तारा उतरवताना

बॅझिल अंकलला विचारलं असतं तर म्हणाला असता,
"गिटार म्हणजे काय लेंग्याची नाडी हाय, ढिली कराया?"
ओर्लेमला, त्याच्या व्हरांड्यात, रविवारी मिसानंतर
सहा तारा लावायची एकच रीत होती.
शर्टाच्या बटणांसारखी. एक चुकलं
की शेवटी एक काज उरणारच.
म्हणून बावीस वर्षं मी खुंट्यांना हात लावला
तो फक्त घसरलेलं सावरायला.

परवा रात्री, टिळकनगरच्या या भाड्याच्या खोलीत
(आमची बिल्डिंग पाडलीय, बिल्डर म्हणतो तीन वर्षं,
म्हणजे पाच धरा)
मी पहिली तार उतरवली. मग दुसरी.
मग ती सहावी, जाडी,
जांभई देत खाली आली
आणि मांडीला टेकलेलं लाकूड
पोटातून काहीतरी म्हणालं.

मोकळ्याच छेडल्या सगळ्या.
सा प सा म प सा.
गंधार नव्हता कुठे. कोमल नाही, शुद्ध नाही.
म्हणजे हे आनंदाचं आहे की दुसरं काही
ते सांगायला कुणीच आलेलं नव्हतं.
मी बराच वेळ तसंच राहू दिलं.

मग सवयीने जुनी बोटं जुन्या पत्त्यावर गेली,
जिथे बावीस वर्षं एक भरलेला, गोल सूर राहत होता,
तर दार उघडलं भलत्याच माणसाने.
बनियनवर, दात घासत.
कोण हवंय?

तसा माझा हात अजून रात्री
दाराच्या डावीकडे बटण शोधतो.
इथे ते उजवीकडे आहे, फ्रिजच्या मागे.
डावीकडे नुसती भिंत, थंड, थोडी ओलसर,
आणि आता रोज तिथे हात लागून
बोटांचा एक मळकट ठसा.

एक बोट उचललं. दोन पडदे मागे सरकवलं.
एका तारेवर चालत गेले, बाकीच्या नुसत्या बोलत राहिल्या,
जशा मावश्या बोलतात, आपण मधे नसलो तरी.
नाव नाही माहीत या जागेचं.
वहीत चित्र काढून ठेवलं, सहा रेघा, तीन ठिपके,
खाली लिहिलं: हे पुन्हा सापडलं पाहिजे.
सापडलं नाही. दुसरंच सापडलं.

पाच चाळीसला खाली पंप सुरू होतो.
यादगिरी बटण दाबतो, खाकरतो,
आणि अकरा मजल्यांच्या पाइपातून
एक लांब, न थांबणारा सा वर चढतो.
माझ्या सापेक्षा केसभर खाली.
मोबाइलवरचा काटा लाल होऊन सांगत राहिला,
चूक, चूक.
मोबाइल उशीखाली सरकवला
आणि सगळ्या तारा पंपाला मिळवल्या.
वीस मिनिटं. टाकी भरेपर्यंत.
इतका सरळ, इतका न कंटाळणारा तंबोरा
माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

असे नऊ दिवस.
दहाव्या दिवशी पंप वेगळाच बोलला.
वर, बारीक, नवी चप्पल करकरावी तसा.
गिटार कॉटवर ठेवून खाली गेले.
"वायंडिंग नवीन केली, मॅडम," यादगिरी म्हणाला,
"आता तुम्हाला आवाज नाही येणार."
येतो, म्हटलं.
तो ओशाळला. "रबर टाकतो खाली. उद्याच टाकतो."
नको, नको. मी नुसतं सांगितलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
सकाळी पावणेसहाला, गाउनवर ओढणी, हातात काही नाही.

वर आले. बाथरूममध्ये बादली अर्धी झाली होती.
सहावी जरा चढवली. पाचवी.
चौथी पटकन लागली.
तिसरी ऐकेना.
खुंटी इकडे, खुंटी तिकडे, कान लाकडाला लावून,
आणि बादली भरून वाहायला लागली,
आणि मी म्हटलं, थांब गं जरा.
तारेला म्हटलं की पाण्याला, कोण जाणे.