एरंडाचं गुऱ्हाळ

कन्नमवार नगरात, आमच्या बिल्डिंगची मागची भिंत
आणि नाला यांच्यामध्ये साडेचार फुटांची पट्टी.
तिथे पूर्वी लोकांचे फुटके कमोड पडलेले असत.
तिथे ह्यांनी एरंड लावला.
एकतीस झाडं. वहीत आहेत.
वही माझी, नाद ह्यांचा.

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या
(आमच्या चार मजल्यांना लिफ्ट नाही)
आणि आता म्हणे गाडीचं तेल घरी काढणार.
आमच्याकडे गाडी नाही.
हे मी एकदाच बोलून दाखवलं.

एरंड कुणी लावतं का? तो उगवतो,
रुळांच्या कडेला, उकिरड्यावर, न विचारता.
ह्यांनी त्याला शेणखत घातलं,
पानांखालच्या उंटअळ्या चिमट्याने वेचल्या,
माझ्या भुवयांच्या चिमट्याने.

पानं पंजाएवढी झाली, मग सुपाएवढी,
तळमजल्यावरच्या हुमण्यांची खिडकी झाकली गेली.
मग अर्ज आला : बिया विषारी आहेत, साप येतील,
सोसायटीच्या जागेत शेती करता येत नाही.
खाली अकरा सह्या. त्यातली एक
माझ्या भिशीतल्या कुंदाची.
ह्यांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून अर्ज वाचला,
पट्टीला जाळी ठोकली, कुलूप घातलं,
किल्ली कमरेला.

फेब्रुवारीत गच्चीवर बोंडं तडकू लागली.
दुपारभर टक, टक,
कुणी नखं कापत बसल्यासारखं.
बी फुगलेल्या गोचिडीसारखं, ठिपक्यांचं, तुकतुकीत.
हात लावलास तर साबणाने धू, असं मला सांगितलं,
माझ्याच मोरीत उभं राहून.

गुऱ्हाळ म्हणजे मोटारीचा जॅक, दोन लोखंडी पाट,
लिफ्टच्या जुन्या रुळाचा एक तुकडा.
दांडा खाली, दांडा वर.
तेल धार लावून येत नाही,
आलं की नाही अशी शंका येते, तसं येतं.
जिन्यातून जाणारा प्रत्येकजण एकदा तरी म्हणायचाच,
‘काय केळुसकर, एरंडाचं गुऱ्हाळ?’
‘तेच तर चाललंय,’ हे म्हणायचे,
आणि दांडा खाली.

बिया नऊ किलो. तेल अडीच लिटर.
मिथेनॉल, प्रिन्सेस स्ट्रीटवरून, चारशे वीस.
कॉस्टिक सोडा पन्नास.
मिक्सर एक. किंमत लिहिलेली नाही.

लोणच्याच्या काचेच्या बरणीत सगळं ढवळून ठेवलं.
थर बसेल म्हणाले, वर इंधन, खाली ग्लिसरीन.
बसला नाही. एक दिवस, दोन दिवस,
मधासारखं एकसंध, मख्ख.
त्या रात्री हे जेवले नाहीत.

पहाटे मी पाणी प्यायला उठले.
नाल्यापलीकडच्या दिव्याचा उजेड ओट्यावर,
आणि बरणीत एक रेघ.
बेरजेआधी मी वहीत मारते तशी,
पण माझ्यापेक्षा सरळ.
ह्यांना उठवलं नाही.
स्टूल ओढलं आणि बघत बसले.
चहाची वेळ होऊन गेली.

धुऊन, गाळून उरलं दीड लिटर.
बर्फाच्या टेम्पोत, असीम मुकादमच्या,
डिझेलमध्ये मिसळून ओतलं.
‘काकी, बंद पडला तर बर्फ तुमच्या घरी,’ तो म्हणाला.
आम्ही तिघं पुढे. विक्रोळी ते भांडुप.
पडला नाही बंद.
धुराला नुसता डिझेलचा वास नव्हता.
आई थंडीत तळपायांना कोमट एरंडेल चोळायची,
तो वास, भर हायवेवर.
मी काही बोलले नाही.
हे तर सारखे मान बाहेर काढून
धूर बघत होते.

लिटर पडलं आठशे सत्तरला, मिक्सर सोडून.
वही मागितली, वाचली, नीट मिटून परत दिली.

काल म्हणाले, आता करंज लावू.
फळायला किती वर्षं?
सहा. सात.
खाली रिडेव्हलपमेंटची नोटीस लागलीय,
आमच्या दोघांच्या सह्यांसकट.
दोन खड्डे खणून झाले होते.
मी बादली नेली. पाणी घातलं.
वर येऊन तारीख लिहिली.